झाड मेल्याचा कागद

आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये एका कुंडीच्या वर भिंतीवर पितळी पाटी आहे: 'संस्थापकांनी स्वहस्ते लावलेला वृक्ष.' साफ खोटं आहे ते. बावीस वर्षं मी याच रिसेप्शनमध्ये बसून फोन घेतेय, तेव्हा हे सांगायचा हक्क मला आहे. एक तर संस्थापकांनी ते झाड लावलं नव्हतं, उपटून टाकायला सांगितलं होतं. आणि दुसरं, आता त्या कुंडीत जे उभं आहे ते झाडच नाही. प्लास्टिक आहे. येणारेजाणारे त्याच्याकडे बघून 'वा, काय टवटवीत!' म्हणतात आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ज्यांनी ते लावलं त्यांची गोष्ट सांगते. मध्ये मध्ये माझा आवाज चढेल. चढू दे.

आमची कंपनी वजनकाटे बनवते. एकेचाळीस वर्षांपूर्वी तिथे एकोणीस वर्षांचा एक पोरगा अंगण झाडायला लागला. ओतकामाच्या शेडच्या भिंतीला एक भेग होती आणि त्या भेगेत बोटभर रोप उगवलं होतं, वडाच्या जातीचं, बारीक पानांचं. मोठे साहेब, म्हणजे संस्थापक, रोज सकाळी फेरी मारायचे. त्यांनी काठीनं दाखवलं. "ते उपट. भिंत फोडेल." यानं उपटलं, पण कसं? एक खिळा आणि ओलं फडकं घेऊन दोन तास बसला आणि मूळ न तोडता काढलं. लावायचं कशात? मोडीच्या ढिगात एक लोखंडी पारडं पडलं होतं. एका बाजूनं पातळ ओतलं गेलेलं, म्हणून वजनात नापास झालेलं. त्याला तीन भोकं पाडली, विटांचा चुरा आणि माती भरली, आणि रोप लावून गोदामाच्या खिडकीत ठेवून दिलं.

काही महिन्यांनी मोठ्या साहेबांची नजर गेली. "हे तेच का?" "तेच." साहेब काठी टेकत पुढे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तपासणी खोलीतून एक चिमटा पाठवून दिला. आमच्याकडे तांदळाच्या दाण्याहून हलकी वजनं असायची. त्यांना हात लावायचा नाही, कारण हाताचा घाम चिकटला की वजन खोटं बोलतं. ती चिमट्यानं उचलायची. तसला तो चिमटा. निरोप होता, "पानं खुडायला वापर."

तेव्हापासून चिमटा शर्टाच्या खिशात, आणि माणसाचं नाव चिमटा. पुढे बागेचं सगळं काम त्यांच्याकडे आलं, केस पिकले, मग चिमटाकाका. अंगानं किडकिडीत, चालताना आवाज नाही, आणि राग म्हणून नाही. याच गोष्टीचा मला राग यायचा. गेटवरच्या माणसानं त्यांच्या रोपांवर गाडी घातली तरी हे म्हणणार, "घाईत असेल बिचारा." मी म्हणायची, "काका, अहो, एकदा तरी खेकसा!" ते म्हणायचे, "तुम्ही आहात की ताई. एका ऑफिसात दोन कशाला?"

काकू, त्यांच्या बायको, रोज दुपारी रिसेप्शनला फोन करायच्या. पहिला प्रश्न ठरलेला. "माझी सवत बरी आहे ना?" म्हणजे झाड. "सवतीला पाणी मिळालं असेल तर नवऱ्याला सांगा, घरात पण एक तहानलेली बसलीये." मी हसायची. मूलबाळ नाही त्यांना. दोन माणसं, एक सवत, असा संसार.

मोठे साहेब गेल्यावर धाकटे साहेब आले, झाड नव्या कुंडीत घालून रिसेप्शनमध्ये आणलं आणि ती पाटी लागली. पाटी ठोकायला शिडी कोणी धरली? काकांनी. मी म्हटलं, "अहो, हे खोटं आहे!" म्हणाले, "झाडाला कुठे वाचता येतं?" मी त्या दिवशी जेवले नाही.

आता या वर्षीचं.

दर तीन वर्षांनी त्या झाडाची माती बदलावी लागते. बोन्सायची उथळ कुंडी असते, मुळं गोल गोल फिरून स्वतःलाच आवळायला लागतात. काका आधी अर्ज द्यायचे, मी टाइप करायची: झाड सहा आठवडे रिसेप्शनमध्ये नसेल. या वर्षीही दिला. त्यावर सही आमच्या मॅनेजरची. त्याला सगळे 'टाय' म्हणतात, कारण आग लागल्याची तालीम होती त्या दिवशीही तो टाय सारखा करत जिना उतरला होता. वाचायचं नाही, विचारायचं नाही. पाठ खाजवावी तशा सह्या करतो.

माती बदलायची जागा म्हणजे जुनी तपासणी खोली. आता काटे डिजिटल झाले, ती खोली बंद असते. पण खोली अशी की पंखा नाही, दुहेरी दार, एकच उत्तरेकडची खिडकी. पूर्वी तिथे कुणी शिंकलं तरी काट्याची सुई हलायची, म्हणून वारा शिरूच नये अशी बांधलेली. काका म्हणायचे, ही खोली वजनांसाठी बांधली, पण शोभते झाडालाच.

या वेळी मी जेवणाच्या सुट्टीत बघायला गेले. त्यांनी झाड कुंडीतून काढून टेबलावर आडवं ठेवलं होतं, मुळं मोकळी. विणायच्या सुईनं एकेक मूळ सोडवत होते. मग कात्री घेतली आणि तिसरा हिस्सा मुळं कापून टाकली. "काका, एवढी?" "कापली नाहीत तर नवी येत नाहीत." कुंडीत चाळलेला चुरा घातला, झाड बसवलं, आणि कुंडीच्या भोकांतून तांब्याची तार घालून मुळांवरून आवळून बांधलं. सुईनं माती मुळांमध्ये खुपसली. भोकांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी घातलं. मग खिडकीपासून दोन हात लांब, सावलीत ठेवलं.

"आता?" मी विचारलं.

"आता काही नाही. सहा आठवडे काही करायचं नाही हेच काम. ऊन नको, वारा नको, खत तर अजिबात नको. कापलेल्या मुळांना खत म्हणजे जखमेला मीठ. जागा बदलायची नाही, हलवायचं नाही. केसाएवढी नवी मुळं फुटत असतात, हलवलं की तुटतात. पानांवर सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा. मातीत ही काडी खुपसून ठेवलीय. काढून बघायची. ओली आली तर पाणी नाही, कोरडी आली तर पाणी. लोक झाडं रागानं मारत नाहीत ताई, लाडानं मारतात."

नवव्या दिवशी काकूंच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. काका दोन दिवस रजेवर गेले. जाताना खोलीची चावी माझ्या हातात ठेवली. इतक्या वर्षांत ती चावी त्यांनी कुणाला दिली नव्हती. "तुमच्याकडे असली की मला घोर नाही," म्हणाले.

पहिल्या दिवशी मी सगळं नीट केलं. काडी बघितली, फवारा मारला, दार लावलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता टाय माझ्या काउंटरवर.

"मॅडम, शुक्रवारी परदेशी पाहुणे येतायत. धाकट्या साहेबांना झाड इथे हवंय. चावी द्या."

मी म्हटलं, "साहेब, ते हलवायचं नाहीये. तुमचीच सही आहे अर्जावर, सहा आठवडे."

"हलवत नाही हो. नुसतं बघू, काय अवस्था आहे."

"काका उद्या येतील, त्यांना विचारा."

तो काउंटरवर वाकला. हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्ही कोणाशी बोलताय ते लक्षात घ्या."

आणि मी चावी दिली.

झालं. सांगितलं. मी, जिला बघून कुरियरवाले चपला बाहेर काढतात, जिच्या जिभेला सगळं ऑफिस घाबरतं, तिनं ड्रॉवर उघडला आणि मुकाट्यानं चावी काढून दिली. दुसऱ्यांवर ओरडायला माझी जीभ लांब. तिचं पाणी त्या दिवशी मला कळलं. बाकी सगळ्यांचा राग मी सांगणारच आहे, पण पहिला राग स्वतःचा आहे आणि तो अजून गेलेला नाही.

पंधरा मिनिटांत दोघा हमालांनी झाड आणून पाटीपाशी ठेवलं. वर एसीची जाळी, समोर दोन दिवे, तळहात धरला तर चटका बसेल असे. टायनं सजावटवाली बाई बोलावली होती. तिनं बघितलं आणि म्हणाली, "जरा मलूल दिसतंय." बाटली काढून मातीत हिरवं पाणी ओतलं. मी विचारलं, हे काय? "टॉनिक." म्हणजे खत! मग कापसानं पानांना तेल लावलं, चकाकावीत म्हणून. मग चार पावलं मागे जाऊन मान तिरकी केली. "थोडं वाकडं आहे ना?" अगं बाई, ते एकेचाळीस वर्षं तसंच आहे! पण तिनं खोडाला हात घातला आणि फिरवून सरळ केलं. कुंडीतून टक् असा आवाज आला. तांब्याची तार तुटली होती. मी फोनवर होते. "गुड मॉर्निंग, आपली काय सेवा करू?" असं कुणाला तरी म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी काका आले. दारातच थांबले. मी उठले, तोंडाला येईल ते बोलायला लागले, टायला, सजावटवालीला, मला स्वतःला. ते माझ्याकडे बघतही नव्हते. झाडाजवळ गेले, काडी काढली, वास घेतला. बोटानं पान पुसलं, तेल बघितलं. खोडाला एका बोटानं हळूच ढकललं. हललं ते.

"काका, मी चावी दिली."

"हं," म्हणाले. बास. खेकसले असते तर मला जगणं सोपं झालं असतं.

ते टायकडे गेले. काचेच्या केबिनमधलं सगळं मला दिसत होतं, दार उघडं होतं म्हणून ऐकूही येत होतं. काका म्हणाले, "साहेब, आता पानं गळतील. सगळी गळतील. घाबरू नका, झाड ओझं टाकून देतंय. मला ते परत खोलीत नेऊ द्या, जगेल." टाय म्हणाला, "शुक्रवारनंतर." काका म्हणाले, "शुक्रवारपर्यंत उशीर होईल." टाय म्हणाला, "काका, झाड आहे ते. पेशंट नाही." बघा म्हणजे! गाढवाला गुळाची चव काय!

काकांनी निदान दिवे बंद करायला सांगितले. टायनं मान हलवली आणि विसरून गेला. मी बटण बंद करायची, सजावटवाली येऊन चालू करायची. दिवसभर आमचा हाच खेळ. पानं पिवळी पडली आणि गळायला लागली. गुरुवारी दुपारी झाड नागडं झालं. बावीस वर्षांत मी त्याची फांदी न फांदी कधी बघितली नव्हती, ती दिसली.

आता शहाणे काय करतील? पाहुण्यांना सांगतील, झाडाची माती बदललीय, विश्रांती घेतंय. पण आमच्याकडचे उंटावरचे शहाणे. सजावटवालीनं पिशवीभर प्लास्टिकची पानं आणली आणि गरम गोंदाची बंदूक. एकेक पान जिवंत फांदीवर, जिथे नवा कोंब येणार बरोबर त्या जागी, कढत गोंदानं चिकटवलं. काका सोफ्याच्या टोकावर बसून बघत होते. त्यांना तिथून उठवायची कुणाची हिंमत झाली नाही. मला रडू येत होतं आणि मी कुरियरची नोंद करत होते.

शुक्रवारी पाहुणे आले. धाकटे साहेब पाटीवर हात ठेवून म्हणाले, "वडिलांनी स्वतःच्या हातानं लावलं. चाळीस वर्षं झाली, बघा किती ताजं!" सगळे 'वा वा' करत होते. त्यांच्यात एक म्हातारे गृहस्थ होते. ते एकटे पुढे आले, पानाजवळ बोट नेलं, लावलं नाही. मग माझ्याकडे वळून बघितलं. मी बोलू शकत होते. एक वाक्य पुरलं असतं. मी मूग गिळून हसले, रिसेप्शनचं हसू. दुसऱ्यांदा.

सोमवारी टायनं मला काकांच्या नावानं एक कागद टाइप करायला बसवलं. मागे उभा राहून मजकूर सांगत होता. 'सदर वृक्ष माझ्या हलगर्जीपणामुळे व अवेळी माती बदलल्यामुळे मृत झाला आहे.' मी कीबोर्डवर अशी बोटं आपटत होते की दोन कळा निघून आल्या. तो म्हणाला, "'पूर्णपणे मृत' लिहा. पक्कं करा, मॅडम. उद्या कुणी म्हणायला नको." मग आणखी एक ओळ: 'त्याचे अवशेष मी घेऊन जात असून यापुढे कंपनीचा त्यावर कोणताही हक्क राहणार नाही.' ही ओळ कशासाठी? तर कचरा उचलायची कटकट कंपनीच्या मागे नको म्हणून. खाली काकांची सही, टायची सही, शिक्का. आणि पहिल्या तारखेपासून काकांनी कामावर यायचं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मी काकांना जिन्यात गाठलं. "सही करू नका. मी साक्ष देते. मी सगळं सांगते, चावी मी दिली इथपासून."

"झाड देतायत ताई," ते म्हणाले. "सही केली तर झाड देतायत. नाहीतर आज संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीत जाईल."

"पण तुमचं नाव खराब होतंय! एकेचाळीस वर्षं!"

"नावाला पाणी लागत नाही. याला लागतं." आणि गेले, सही केली.

खाली झाड उचलायला आले तर टाय आडवा. "कुंडी राहील. कुंडी इंपोर्टेड आहे. कागदावर फक्त झाड आहे." त्या क्षणी मात्र काकांनी डोळे मिटले. सोळा दिवसांपूर्वी मुळं कापलेलं, खत पाजलेलं, हिसकलेलं झाड, ते आता परत उपटायचं. डोळे उघडले, माझ्याकडून जाड वर्तमानपत्र मागितलं. उरलेली तार कापली, दोन्ही तळहात मातीखाली सारले आणि मातीच्या ढेकळासकट ते वर घेतलं. एक कणही खाली पडू दिला नाही. प्लास्टिकची पानं तशीच चमकत होती. संध्याकाळपर्यंत त्या कुंडीत अख्खं प्लास्टिकचं झाड येऊन उभंही राहिलं.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांच्याबरोबर घरी गेले. दोन खोल्या. दार उघडलं काकूंनी, डोळ्यावर हिरवी पट्टी. त्यांनी हात पुढे करून चाचपलं. पान हाताला लागलं, थांबल्या. "हे काय? माझ्या सवतीला नकली दागिने कोणी घातले?" आणि मग अशा रडल्या की पट्टी भिजली. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

काकांनी कपड्यांचे चिमटे ठेवायचं एक भांडं रिकामं केलं. मी बघतच राहिले. तेच पारडं होतं ते. वजनात नापास झालेलं, तीन भोकांचं. ढेकूळ त्यात बसवलं, बाजूनं चुरा भरला, तार आवळली. मग खिशातून चिमटा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"पानं तुम्ही काढा."

"मी? काका, माझा हात..."

"गोंद ओढायचा नाही. कडेनं सोडवत यायचं. खाली डोळा असतो फांदीचा, तो वाचवायचा."

तीन तास लागले. दोनशे सत्तर पानं, मी मोजली, कारण मोजली नसती तर ओरडले असते. काही डोळे गोंदाबरोबर निघाले. काही भाजून काळे पडले होते. काका शेजारी बसून होते, एकदाही 'जपून' म्हणाले नाहीत. शेवटी त्यांनी वरच्या फांदीवर नखानं ओरखडा काढला. कोरडी. तिच्या खालची, कोरडी. डावीकडची, कोरडी. मग अगदी खाली, खोडाजवळ ओरखडा काढला आणि वाट बघितली. पांढरा चीक आला. टाचणीच्या डोक्याएवढा.

"आहे," ते म्हणाले. काकूंनी विचारलं, "कोण?" "तुझी सवत."

पुढचे सहा आठवडे मी दर रविवारी जायची, खिडकीपासून दोन हात लांब बसायची, काही करायची नाही. सातव्या आठवड्यात खोडाच्या बुंध्यावर एक कोंब फुटला, मग चार. वरचा सगळा डौल गेला, दोन मोठ्या फांद्या कापाव्या लागल्या. आता ते ठेंगणं, एका अंगाला झुकलेलं दिसतं. पण पानं त्याची स्वतःची आहेत.

परवा काकूंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दोन दिवस दवाखान्यात. काका सकाळी माझ्या घरी आले आणि टेबलावर चावी ठेवली. त्यांच्या घराची. मी म्हटलं, "काका, मला नको. मागच्या वेळी काय झालं..." ते म्हणाले, "म्हणून तर. तुमच्याएवढं आता कुणी जपणार नाही."

आणि बघा योग. त्याच दिवशी अकरा वाजता टाय माझ्या काउंटरवर.

"मॅडम, ते काकांचं झाड जगलंय म्हणे. पॅकिंगमधल्या एकानं त्यांच्या खिडकीत बघितलं."

"कुठलं झाड?" मी विचारलं.

"आपलं हो. संस्थापकांचं. त्या म्हाताऱ्या पाहुण्यांचं पत्र आलंय, पुढच्या भेटीत खरं झाड बघायला आवडेल म्हणून. खरं, असं लिहिलंय. साहेब भडकलेत. झाड कंपनीचं आहे, परत आणायचंय. काका तर घरी नाहीत. तुम्ही जाता ना तिकडे? चावी तुमच्याकडे आहे?"

मी ड्रॉवर उघडला. त्याला वाटलं चावी काढतेय, हात पुढे केला त्यानं. मी फाइल काढली, कागद उलटा फिरवून त्याच्यासमोर ठेवला.

"कंपनीचं झाड मेलं, साहेब. 'पूर्णपणे मृत.' 'पूर्णपणे' तुम्हीच घालायला लावलं होतंत. आणि ही ओळ वाचा: यापुढे कंपनीचा कोणताही हक्क राहणार नाही. ही सही कुणाची?"

तो वाचत राहिला. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं स्वतः सही केलेला कागद वाचला.

"पण ते तर जिवंत..."

"मग हा कागद खोटा. मग काकांना काढलं तेही खोटं. चला, धाकट्या साहेबांकडे जाऊन दोघं सांगू. मी येते, आत्ता."

सोफ्यावर दोन पाहुणे बसले होते, कुरियरवाला उभा होता. सगळे ऐकत होते. टायनं आवाज खाली आणला. "मॅडम, तुम्ही कोणाशी बोलताय..."

"मागच्या वेळी ते लक्षात ठेवूनच बोलले होते," मी म्हटलं, आणि या वेळी माझा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला असेल. "त्याचं काय झालं ते तुमच्या पाठीमागे कुंडीत उभं आहे. चावी माझ्या पर्समध्ये आहे. आणि ती मी देणार नाही."

तो गेला. कागद फाडायला हात उचलला होता त्यानं, पण मी म्हटलं, "फाडा, ती झेरॉक्स आहे."

संध्याकाळी मी काकांच्या घरी गेले. काडी काढली, ओली होती. पाणी घातलं नाही. फवारा मारला आणि दोन हात लांब बसून राहिले. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. आधी काकू: "सवत बरी आहे ना?" मग काका.

"काही केलं नाहीत ना, ताई?"

"झाडाला नाही केलं," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं, कागद, चावी, म्हाताऱ्या पाहुण्यांचं पत्र, परत न्यायला निघाले होते तेही.

"हरामखोर," काका म्हणाले.

एकेचाळीस वर्षं साठवलेला होता तो शब्द. इतका सावकाश, इतका स्वच्छ उच्चारला त्यांनी, की मला रडूच फुटलं. मागून काकू विचारत होत्या, "अहो, कुणाला म्हणताय?"

"काडी बघूनच पाणी घाला," ते म्हणाले आणि फोन ठेवला.